सिएटलकडे ओहोटीला सँड डॉलर बघायला जाताय? मग एवढं करा

सिएटलच्या आसपास राहत असाल आणि पोरांना घेऊन बीचवर जात असाल तर ती पांढरी गोल चकती एकदा तरी सापडली असेलच, वर पाच पाकळ्यांचं फूल कोरल्यासारखं असतं ती. तो सँड डॉलर, पण मेलेला, नुसतं कवच. जिवंत असतो तेव्हा तो जांभळट-करडा आणि केसाळ दिसतो आणि ओल्या वाळूत अर्धा गाडलेला असतो. तो बघायचा तर आधी वेळ गाठायला लागते.

अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त भरतं आणि जास्त ओसरतं हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण इथे नुसता चंद्र बघून भागत नाही, नोआचं (अमेरिकेचं समुद्र-हवामान खातं) टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, उघडायचं आणि मायनसमधला आकडा शोधायचा, म्हणजे पाणी नेहमीच्या ओहोटीपेक्षाही खाली जाणार. प्युजेट साउंडमध्ये (सिएटलला लागून असलेली खाडी) मोठ्या ओहोट्या उन्हाळ्यात भर दिवसा येतात आणि हिवाळ्यात रात्री, त्यामुळे मे ते जुलै बेस्ट. लो टाइडच्या तासभर आधी पोचा आणि ओसरणाऱ्या पाण्याच्या मागे मागे जा, खडक नको, चिखल नको, सपाट वाळूचा पट्टा हवा. आणि प्लीज खाली बघून चाला! एक दिसला की आजूबाजूला शंभर असतात, नुसत्या कडा वर आलेल्या, पाय पडला की कवच फुटतं.

सापडला की ओल्या हातावर अलगद घ्या आणि अर्धा मिनिट शांत बसा. अंगावर मखमलीसारखी लव असते ना, ते खरं तर बारीक काटे (हा समुद्री अर्चिनचाच, म्हणजे समुद्रातल्या त्या काटेरी गोळ्याचाच भाऊबंद), आणि ते हलतात, तळव्याला अगदी हलकी गुदगुली होते. हलले म्हणजे जिवंत. पाकळ्या नीट बघितल्या तर त्या बरोबर मधोमध नसतात, एका बाजूला सरकलेल्या असतात, इथल्या जातीचं नावच त्यावरून पडलंय, डेंड्रास्टर एक्सेंट्रिकस. त्या पाकळ्यांतून तो श्वास घेतो. तोंड खालच्या बाजूला, मध्यावर. पांढरं कवच मिळालं तर तेही उलटं करून बघा, तोंडाकडे येणाऱ्या बारीक फाट्या दिसतील, उपनद्या नदीला मिळतात तशा, याच वाटेने खाणं तोंडापर्यंत येतं.

ओहोटीला आपल्याला तो आडवा दिसतो, पण पाणी वर असताना आणि फार खवळलेलं नसताना हे सगळे वाळूत तिरके उभे राहतात, रॅकमधल्या ताटांसारखे, आणि प्रवाहातून येणारं बारीकसारीक प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, पकडून खातात. लाटा वाढल्या की परत आडवे, वाळूच्या आत.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, बालपण. नर-मादी वेगळे असतात पण बाहेरून ओळखू येत नाहीत, दोघंही अंडी आणि शुक्राणू सरळ पाण्यात सोडतात. त्यातून जी अळी निघते ती आईबापासारखी अजिबात दिसत नाही, पारदर्शक, लांब लांब हातांची, काही आठवडे पाण्यात तरंगत फिरते. सॅन हुआन बेटावर युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनची फ्रायडे हार्बरची लॅब आहे, तिथल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं की माशाच्या अंगावरचा चिकट स्राव पाण्यात लागला की या अळ्या स्वतःची कॉपी काढतात, म्हणजे एकीच्या दोन होतात आणि आकार लहान झाल्यामुळे माशाच्या नजरेला पडायची शक्यता कमी होते. चार दिवसांचा जीव आणि एवढी सोय!

मग खाली उतरायचं कुठे? मोठे सँड डॉलर जिथे राहतात त्या वाळूत त्यांचा एक रासायनिक वास असतो, तो लागला की अळी तिथेच बसते आणि रूप पालटते. मोठ्यांनी वाळू सतत ढवळलेली असते म्हणून पिल्लं खाणारे बारीक कवचधारी प्राणी तिथे टिकत नाहीत. तरी लाटेने वाहून जायची भीती असतेच, म्हणून पिल्लू वाळूतले लोहयुक्त जड कण निवडून गिळतं आणि पोटात वजन म्हणून ठेवतं, 1973 मधल्या एका पेपरमध्ये याला चक्क वेट बेल्ट म्हटलंय, पाणबुडे कमरेला वजनाचा पट्टा बांधतात ना, तसा. मोठं झालं की ते वजन लागत नाही. आयुष्य साधारण 6 ते 10 वर्षं, तेही स्टारफिश आणि चपट्या माशांच्या तावडीतून सुटला तर.

म्हणून ज्या पट्ट्यात मोठे राहतात तो पट्टाच पुढच्या पिढीचं घर असतं, तिथले जिवंत उचलून घरी न्यायचे नाहीत. माझ्या मुलीने पहिल्या वेळी बादलीत सात जांभळे भरले होते, तिला वाटलं शंख-शिंपलेच आहेत, आणि उन्हात ते पाणी किती पटकन तापतं हे माझ्या लक्षातच नव्हतं. हात घातला तर चहा निवल्यासारखं कोमट लागलं. आम्ही दोघी धावत परत गेलो, सातही जिथून घेतले त्याच पट्ट्यात पाण्याच्या कडेला ठेवले. ठेवताना तोंड खाली, पाकळ्या वर, कारण उलटा पडला तर सुलटं व्हायला त्याला खूप त्रास होतो. मग तिथेच उकिडवं बसून बघत राहिलो, पाच-सहा मिनिटांत एकाची पुढची कड वाळूखाली गेली, मग हळूहळू पाकळ्याही दिसेनाशा झाल्या.