साडेतेरा किलोची बॅग

माझा धंदा काट्यांचा. इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करायचे, वर्षाच्या सरकारी पासिंगआधी तपासून द्यायचे. दुकान कोल्हापुरात, पण निम्मी गिऱ्हाइकं आंबा घाटाखाली, साखरपा, पाली ते पार रत्नागिरीपर्यंत. महिन्यातनं दोनदा युनिकॉर्न मोटरसायकल काढतो, एक मुक्काम करून परत येतो. अकरा वर्षांत गाडीवर सामान बांधायच्या चार बॅगा झाल्या. त्यातल्या तीन चुकीच्या होत्या.

पहिली चूक म्हणजे दुकानात जाऊन बॅग बघितली आणि घेतली. आता कुणी विचारलं तर सांगतो, आधी घरात सगळा पसारा जमिनीवर मांडा आणि तोला. माझं पडलं ते असं: हत्यारं २.४ किलो, तपासणीची लोखंडी वजनं ५ किलो, ६ व्होल्टच्या बॅटऱ्या आणि अॅडॉप्टर १.८, रेनसूट १.२, एक जोड कपडे आणि टॉवेल १.३, डबा ०.८, पाणी १ किलो. एकूण साडेतेरा. तुमच्याकडं काटा नसेल तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडं जा, तो नाही म्हणत नाही.

मग आकार. तोच पसारा दहा किलो आट्याच्या रिकाम्या पिशवीत भरून बघा. त्या पिशवीत साधारण सतरा-अठरा लिटर जागा असते. माझं सामान तिच्यात बसलं, वर चार बोटं उरली. म्हणजे मला वीस लिटरची बॅग पुरे. पहिल्यांदा मी पन्नास लिटरची घेतली होती, कारण दुकानदार म्हणाला, ‘असू दे, कधीतरी लागतेच.’ अर्धी रिकामी बॅग वाऱ्यानं फडफडते, आतली वजनं घरंगळतात आणि वळणावर गाडी तुमच्याआधी वळायला बघते. शिवाय जागा असली की माणूस काहीतरी भरतोच. एकदा मी पाच नारळ आणले होते, घरी तीन आधीच होते. कंपनीनं छापलेल्या लिटरवर जाऊ नका, टेप लावा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि हजारानं भागा. ३० × २५ × २२ म्हणजे साडेसोळा लिटर. काही बॅगांवर वाढवायची चेन उघडून मोजलेला आकडा असतो.

बांधायची कुठं? पाठीवर नको. तासाभरात खांदे भरून येतात, आणि पडलात तर पाठीखाली पाना-पक्कड येते. टाकीवरची चुंबकवाली बॅग कागदपत्रं, मोबाईल, गॉगल यांना झकास, पण पाच-सात लिटरच्या वर घेऊ नका. घ्यायच्या आधी फ्रिजवरचं चुंबक टाकीला लावून बघा. हल्ली बऱ्याच गाड्यांच्या टाकीवर प्लॅस्टिकचं कवच असतं, तिथं चुंबक धरतच नाही. हँडल दोन्हीकडं पुरतं वळवूनही बघा. माझ्या एका मित्राची बॅग डावीकडं वळताना हॉर्नचं बटण दाबायची. प्रत्येक वळणावर पों करत तो पन्हाळ्याला पोचला. बॅग लावण्याआधी टाकी पुसा, नाहीतर चुंबकाला चिकटलेली लोखंडाची कीस रंगावर रेघा ओढते. आणि काळ्या पट्टीचं एटीएम कार्ड त्या चुंबकाजवळ ठेवू नका.

दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या झोळीबॅगा ही माझी दुसरी चूक. डावीकडं साडीगार्ड असतं, बॅग त्याच्यावर टेकते, चाकात जात नाही. उजवीकडं सायलेन्सर. आंब्याच्या चढावर प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला, मला वाटलं पुढच्या ट्रकचा ब्रेक असेल. थांबून बघतो तर बॅगेचा कोपरा वितळून सायलेन्सरवर गुळासारखा चिकटलेला. ज्यांना अशाच बॅगा हव्यात त्यांनी उजवीकडं लोखंडी कठडा बसवून घ्यावा आणि सायलेन्सरपासून चार बोटं तरी मोकळी ठेवावीत.

डिकीचं, म्हणजे मागं बसवायच्या टणक डब्याचं बोलायचं तर पावसाला ती उत्तम, पण कायमची गाडीला जडते. २०२० साली नियमात बदल करून दुचाकीवरच्या हलक्या डब्याचं माप ठरवलं गेलं: लांबी ५५० मिमी, रुंदी ५१०, उंची ५००, आणि डब्यासकट ३० किलो. डबा मागच्या माणसाच्या जागेवर बसवला तर मागं माणूस न्यायचा नाही. मला कधीकधी बायकोला माहेरी सोडायचं असतं, म्हणून डिकी बाद.

उरली मागच्या सीटवर बसणारी बॅग. मी तीच वापरतो. ती बुडाशी चपटी हवी आणि सीटच्या रुंदीपेक्षा फार बाहेर जाता कामा नये. तिला चारही कोपऱ्यांना शिवलेले फास हवेत. नुसते दोन पट्टे असलेली घेऊ नका, ती खड्ड्याखड्ड्याला तिरकी होते. जड सामान खाली आणि पुढं, म्हणजे तुमच्या कमरेला लागून. माझी ५ किलोची वजनं फडक्यात गुंडाळून तिथंच जातात. तीच शेवटाला टेललाइटवर ठेवली की पुढचं चाक हलकं होतं आणि उतारावर हँडल थरथरतं. हा फरक सपाट रस्त्यावर कळत नाही, घाटात पहिल्याच वळणाला कळतो.

आकडेवाली रबरी दोरी मी सोडून दिली. एकदा ताणताना आकडा सुटला आणि चष्म्याच्या काचेवर बसला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. बक्कलवाले रुंद पट्टे घ्या, नाहीतर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून गाठ मारा. आमच्याकडं दूधवाले तेच करतात आणि त्यांचे कॅन पडलेले मी तरी बघितले नाहीत. पट्टा कॅरियरला किंवा चेसिसला बांधा, इंडिकेटरच्या दांडीला नाही. उरलेलं टोक गुंडाळून आत खोचा. लोंबतं टोक मागच्या चाकात गेलं तर चाक जागच्या जागी अडकतं.

आता पाऊस, म्हणजे माझी तिसरी चूक. बॅग चांगली होती, सोबत पिवळं रेनकव्हरही होतं. पण कव्हर वरून टोपीसारखं बसतं, बूड उघडंच राहतं. जुलैमध्ये घाट उतरून साखरप्यात पोचलो तेव्हा बॅगेच्या तळाशी दोन बोटं पाणी आणि त्यात गिऱ्हाइकाचा लोडसेल, म्हणजे काट्यातला वजन ओळखणारा भाग. पाणी वरून आलंच नव्हतं, चाकानं खालून मारलं होतं. कोकणात जाणाऱ्यानं तोंड गुंडाळून बंद होणारी ताडपत्रीच्या जातीची बॅग घ्यावी. तोंड किमान तीन वळसे गुंडाळलं पाहिजे, म्हणजे तेवढी जागा लिटरमधनं वजा धरा. सांधे दोऱ्यानं शिवलेले नकोत, वितळवून जोडलेले हवेत. उलटी करून बघितलं की कळतं. घरी आणल्यावर आत कोरडा पेपर घालून दहा मिनिटं शॉवरखाली ठेवा, आणि खालूनही पाणी मारा. पेपर ओला झाला तर लगेच परत द्या, पावती जपून ठेवलेली असू दे.

रंग काळा असेल तर मागं रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा. बॅग बांधल्यावर चार पावलं मागं जाऊन बघा, टेललाइट, इंडिकेटर, नंबरप्लेट सगळं दिसतंय ना.

नवी बॅग थेट लांबच्या फेरीला नेऊ नका. मी रविवारी पूर्ण भरून पन्हाळ्याला जातो, वीसेक किलोमीटर, शेवटाला घाट. निघताना बॅगेच्या कडेनं सीटवर शिंप्याच्या खडूची रेघ मारतो. दहा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ओढतो, कारण सामान तोवर खाली बसलेलं असतं. वर पोचल्यावर रेघ बघायची. बॅग रेघेवरच असेल तर झुणका-भाकर सांगायची. बोटभर सरकली असेल तर आधी पट्ट्याची जागा बदलायची, मग झुणका-भाकर.