गरम टेस्टला लोड बोर्डावरचा रिले ओढत नसेल तर

लोड बोर्ड म्हणजे चिप टेस्टरवरचा, चिपचं सॉकेट असलेला बोर्ड. लक्षण: २५ अंशांना सगळं पास, ८५ अंशांना सॉकेटजवळचे ५ व्होल्टचे रीड रिले (कॉइलवर चालणारे छोटे स्विच) मध्येच ओढत नाहीत, म्हणजे संपर्क जोडत नाहीत. रिले बदलून आणि वेट टाइम (रिले स्थिरावायला दिलेला वेळ) वाढवून पाहिला, व्यर्थ! वैताग आला.

दोष ड्रायव्हरचा, म्हणजे कॉइल चालवणाऱ्या चिपचा. टेस्टरची युटिलिटी लाइन (रिले ऑन-ऑफ करणारा सिग्नल) यूएलएन२८०३ या ड्रायव्हरला जाते; त्यातलं डार्लिंग्टन (ट्रान्झिस्टरची जोडी) स्वतःच ०.८ ते ०.९ व्होल्ट खातं, कॉइलला उरतात जेमतेम ४.१. रिले ३.७५ला ओढतो, पण २५ अंशांना. कॉइलच्या तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो, म्हणून तेवढ्याच करंटसाठी ८५ला तोच आकडा ४.६ होतो.

आधी गरम असतानाच कॉइलच्या दोन्ही टोकांवर व्होल्टेज मोजा. मग पॉवर काढून यूएलएन उतरवा, त्याच पिनांवर मॉसफेटवालं (स्वतः फार कमी व्होल्ट खाणारं) टीबीडी६२०८३ए बसवा (पॅकेज जुळतंय ना ते बघूनच मागवा). पिन ९ ग्राउंडला, १० रिलेच्या +५ला. दहावी सुटली तर कॉइलचा उलटा झटका थेट ड्रायव्हरवर येतो. आता एका बोर्डावरचे सगळे रिले एकदम ऑन करून पुन्हा मोजा. ४.८च्या खाली आलं तर +५चा ट्रेस बारीक आहे, जाड वायरीची जोड द्या.