डोहात पोहायला उतरण्याआधी

काठावर पोचताच कपडे काढू नका. पाच-दहा मिनिटं नुसतं पाणी बघा. त्यावर पान टाकून पाहा: ते भरभर वाहून गेलं किंवा एकाच जागी गरगरत राहिलं, तर तिथे उतरू नये. बाहेर पडायची जागा आधी ठरवा. गुळगुळीत, शेवाळलेल्या कातळावर उतरणं सोपं, पण ओल्या अंगाने वर चढणं फार अवघड.

स्वच्छ पाणी खोलीबाबत फसवतं. प्रकाश वाकत असल्यामुळे वरून पाहताना चार फूट खोल पाणी तीनच फूट वाटतं. गढूळ पाण्यात तर खडक, ओंडके दिसतही नाहीत. म्हणून सूर मारायचाच नाही. काठी टेकवत, पायाने चाचपत, चालत उतरा. डोकं आपटून मान मोडली तर जन्मभराचं अपंगत्व येऊ शकतं.

पाणी थंडगार असेल तर पहिल्या मिनिटात धाप लागते आणि तेव्हाच नाकातोंडात पाणी जातं. अंगावर पाणी मारून घ्या, श्वास सावरल्यावरच पोहा.

धबधब्याच्या पायथ्यापासून लांबच राहा. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने शरीर नीट तरंगत नाही, आणि पडणारी धार माणसाला पुन्हा आत ओढते.

वरच्या अंगाला पाऊस झाला तर इथे ऊन असूनही लोंढा येतो. पाणी अचानक गढुळलं, काटक्या-पाला वाहत आला, आवाज वाढला की सामान सोडून उंचावर जा.

एकटे कधीच उतरू नका. काठावरच्या माणसाजवळ दोर हवा. बुडणाऱ्याकडे दोर फेकावा, पाठोपाठ उडी घेऊ नये. उघडी जखम असेल तर पोहणं टाळा, लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू तिथून शिरू शकतात.