चाळीस किलो आणि एक जिना : मराठवाड्यातून दिल्लीला येणाऱ्यांसाठी

जून-जुलै आला की माझा फोन सुरू होतो. कोणाची पोरगी यूपीएससीच्या क्लासला यायची असते, कोणाचा भाचा नोएडात कामाला लागलेला असतो. पहिला प्रश्न ठरलेला : "ताई, विमान स्वस्त दिसतंय, काढू का तिकीट?" मी विचारते, "सामान किती?" मग पलीकडे थोडा वेळ शांतता. मागून आईचा आवाज येतो, "पाच किलो ज्वारी तर न्यायचीच आहे म्हणावं."

मी सेलूकडची. दिल्लीत येऊन आता बरीच वर्षं झाली. इतक्या वर्षांत विमानानं गेले-आले ते फक्त हातात एक पिशवी असताना. बिऱ्हाड घेऊन येताना मात्र रेल्वेच.

विमानाच्या साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी 15 किलो खाली टाकायला आणि 7 किलो हातात, एवढंच मिळतं. त्याच्या वर प्रत्येक किलोला जो आकार लावतात तो ऐकून आपल्याकडची माणसं बॅग तिथंच उघडून बसतात, आणि लोणच्याची बरणी की स्वेटर, असा विचार चारचौघांत करावा लागतो. शिवाय सुकं खोबरं. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानवाले ते काढून ठेवायला लावतात. येसराला, काळ्या मसाल्याला खोबरं लागतं हे त्यांना सांगून उपयोग नाही.

रेल्वेत स्लीपरच्या तिकिटावर 40 किलो फुकट. थर्ड एसीला 40, सेकंड एसीला 50, फर्स्ट एसीला 70. जनरलच्या तिकिटावर 35. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला याच्या निम्मं. स्लीपरचं भाडं हजाराच्या आत बसतं, थर्ड एसीचं दोन हजारांच्या आगेमागे. दोघं मिळून येत असाल तर 80 किलो, म्हणजे एका खोलीचा संसार.

हे आकडे बघून लोक हुरळतात. मीही हुरळले होते. पहिल्यांदा आले तेव्हा लोखंडी पेटी, ज्वारीचं चुंगडं, दोन गोधड्यांची वळकटी, स्टोव्ह आणि पाण्याची कळशी. कळशी कशाला, हे मला आजही सांगता येणार नाही. परभणीला गाडीत चढवून द्यायला मामा, दोन मामेभाऊ आणि शेजारचे एक काका होते. नवी दिल्लीला उतरवून घ्यायला मी एकटी. चुंगडं पुढं नेऊन ठेवायचं, मागं येऊन पेटी न्यायची, तोवर चुंगड्याकडं बघत राहायचं. पुलाच्या जिन्यापाशी येऊन बसलेच. तो जिना काही केल्या दोन फेऱ्यांत चढता येईना, कारण एक ओझं वर ठेवलं की दुसरं खाली बेवारस. शेवटी हमालाला जे दिलं ते माझ्या तिकिटाच्या निम्म्याहून जास्त होतं.

तेव्हापासून नवीन येणाऱ्याला मी एकच माप सांगते. रेल्वे 40 किलो नेऊ देते हे खरं, पण तुम्ही एकट्यानं, एका फेरीत, न थांबता जेवढं घेऊन जिना चढू शकता तेवढंच तुमचं सामान. त्यापुढचं सगळं पार्सलनं, पोस्टानं किंवा दिवाळीनंतरच्या फेरीला. निघायच्या आधी मोंढ्यातल्या कोणाच्या तरी आडतीवर जाऊन सगळं सामान काट्यावर ठेवून बघा. मग तेच सामान उचलून घराचा जिना दोनदा चढा-उतरा. घराला जिना नसेल तर शाळेचा चढा. कोणी हसलं तर हसू द्या.

आता गाडी. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस ही आपली हक्काची. ती रोज आहे. नांदेडहून सकाळी निघते. परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करत संध्याकाळच्या सुमारास मनमाडला येते, मग भुसावळ, खंडवा. इटारसी, भोपाळ रात्रीत जातं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नवी दिल्ली. गुरू गोविंदसिंगांचं 1708 साली नांदेडला निधन झालं. तिथं शिखांचं तख्त आहे, सचखंड हुजूर साहिब, त्याच्या नावावरून गाडीचं नाव. त्यामुळे डब्यात निम्मी मंडळी हुजूर साहिबचं दर्शन घेऊन पंजाबला परतणारी असते. वाटेत काही स्थानकांवर सेवेकरी गाडीत लंगरचं जेवण वाटतात. भाजी-पोळी, कधी खिचडी, पैसे कोणी घेत नाही. ताटली किंवा डबा आपला लागतो, म्हणून एक ताटली पेटीत न टाकता हाताशी ठेवा. घरचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या, कारण गाडीला उशीर झाला की लंगरचं गणित बदलतं. आणि समोरच्या सरदारजींना धपाटा द्या. मी दिला होता. त्यांनी उतरताना माझी पेटी दारापर्यंत आणून दिली.

नांदेडहून आठवड्यातून एकदा मराठवाडा संपर्क क्रांती आहे, ती हजरत निजामुद्दीनला जाते. हिंगोलीकरांनी दिल्लीवरून जाणारी नांदेड–श्रीगंगानगर बघावी, ती अकोल्यावरून जाते. लातूर, परळीकडच्यांनी परभणीला येऊन सचखंड धरावी. बीडकरांची अडचण जुनी. अहिल्यानगर–बीड रेल्वे 2025 च्या 17 सप्टेंबरला सुरू झाली खरी, पण दिल्लीसाठी अजून जालना, संभाजीनगर नाहीतर अहिल्यानगर गाठावंच लागतं. अहिल्यानगरहून कर्नाटक एक्सप्रेस नवी दिल्लीला आणि गोवा एक्सप्रेस निजामुद्दीनला जाते. तिथपर्यंत एसटीनं येताना मोठ्या चुंगड्याचं लगेज तिकीट कंडक्टर फाडतो, त्यावरून वाद घालू नका. बरोबर आई किंवा बहीण असेल तर तिला अर्धं तिकीट आहे, तिकडं पैसे वाचलेलेच असतात.

आरक्षण 60 दिवस आधी सुटतं. पूर्वी 120 दिवस होते, ते नोव्हेंबर 2024 पासून बदललं. निकाल लागल्यावर तिकीट बघू म्हणणाऱ्याला सचखंडमध्ये जागा मिळत नाही. तत्काळ एसीचं आदल्या दिवशी सकाळी दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं. रेल्वेच्या तिकीट साइटवरचं आधार जोडलेलं खातं आधीच तयार ठेवा. बर्थ मागताना खालचा मागा, सामानाच्या शेजारी झोपता येतं. साइड लोअरखाली उंची कमी असते, लोखंडी पेटी तिथं जात नाही. नियमानं पेटीची लांबी 100, रुंदी 60, उंची 25 सेंटीमीटरच्या आत हवी. थर्ड एसीत तर त्याहून बरीच लहान, 55 बाय 45 बाय साडेबावीस. टेप लावून बघा. पेटीपेक्षा कापडी बॅगा बऱ्या, असं माझं मत. पेटी सहप्रवाशाच्या नडगीला लागते आणि मग दिल्लीपर्यंत तो बोलत नाही. बर्थखालची जागा तिघांची असते, हेही ध्यानात ठेवा.

सामान 40 च्या वर गेलंच तर गाडी सुटायच्या निदान अर्धा तास आधी लगेज ऑफिसात जाऊन वजन करून घ्या. जास्तीच्या वजनाला दीडपट दर लागतो. पावती न करता वाटेत पकडले गेलात तर सहापट. स्लीपरवाल्याला पैसे भरून एकूण 80 किलोपर्यंत डब्यात नेता येतं. थर्ड एसीवाल्याला 40 ही शेवटची हद्द, वरचं ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, टाकावं लागतं. म्हणजे सामान जास्त असेल तर एसीची चैन उलटी नडते. हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगितलं.

चढायचं कुठून, हाही विचार करा. सामान खूप असेल आणि पूर्णा, परभणीचे असाल, तर नांदेडला जाऊन तिथूनच बसा. गाडी तिथून सुटते, डबा रिकामा असतो, सामान नीट लावता येतं. मधल्या स्टेशनवर गाडी थोडाच वेळ थांबते. तिथं एकानं आधी आत चढायचं, दुसऱ्यानं खालून सामान द्यायचं, आणि निरोपाचं रडणं-बिडणं आधी उरकून घ्यायचं.

रात्री बॅगांच्या बंदांतून साखळी ओवून बर्थखालच्या कडीला कुलूप लावा. साखळी घरून आणा. मार्कशीट, आधार, पैसे, चार्जर उशाखालच्या पिशवीत. माझी प्रमाणपत्रं मी लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली होती. खंडव्याच्या पुढं कुठंतरी बरणी कलली आणि करडीचं तेल दहावीच्या मार्कशीटवर पसरलं. गणिताचे गुण अजूनही पिवळ्या डागातून वाचावे लागतात. लोणचं आणायचंच तर फिरकीच्या झाकणाच्या डब्यात, वर प्लॅस्टिक, वर फडकं, आणि ते वेगळ्या पिशवीत.

काय आणायचं, यावर आयांशी माझं कायम भांडण. तूरडाळ आणू नका. इथं ती अरहर म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. भांडी, बादली, गादी, टेबल हे सगळं इथं मिळतं, आणि अभ्यास संपवून परत जाणारी पोरं स्वस्तात विकतातही. ज्वारी मात्र आणा. इथं बाजरी सहज मिळते, ज्वारी शोधावी लागते आणि मालदांडीची चव तिला नसते. पण पीठ जास्त आणू नका. पीठ जुनं झालं की चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना फाटते. पंधरा दिवसांपुरतं पीठ आणि पाच किलो दाणे, एवढं पुरे. गिरणीवाला गव्हाच्या मागं ज्वारी टाकतो, तेव्हा पहिलं मूठभर पीठ बाजूला काढा. येसर, काळं तिखट, शेंगदाण्याची चटणी, थोड्या कुरडया-पापड्या. लोखंडी तवा आणा. काथवट नको, परातीत भाकरी होते. दोन गोधड्या आणा, तिसरी नको. डिसेंबर-जानेवारीत गोधडीनं भागत नाही, रजई इथंच घ्यावी लागते. त्या महिन्यांत येणार असाल तर धुक्यानं गाड्या तासन्‌तास रखडतात. शाल आणि बिस्किटं वर असू द्या.

पुस्तकं हा खरा बोजा. यूपीएससीवाल्यांची निम्मी बॅग पुस्तकांची असते. टपाल खात्यानं 1 मे 2025 पासून ज्ञान पोस्ट सुरू केलंय. अभ्यासाची पुस्तकं 5 किलोपर्यंतच्या पुडक्यात जमिनीच्या मार्गानं जातात, आणि दर शंभराच्या आसपास संपतो. चार-पाच पुडकी करून पाठवा, वेळ लागतो, पण जिना टपाल खातं चढतं.

पार्सल बुक करायचं तर नांदेड किंवा संभाजीनगरसारख्या मोठ्या स्टेशनवर करा. लहान ठिकाणी गाडी थांबते तेवढ्यात पार्सल चढवणं होत नाही. चुंगडं दाभणानं शिवून घ्या, सुतळीची गाठ भरवशाची नाही. बाहेर कापडी चिठ्ठीवर नाव, फोन, कुठून-कुठं हे हिंदीत आणि इंग्रजीत, आणि तीच चिठ्ठी आतही एक. मी एकदा फक्त बाहेर लिहिलं होतं, तेही मराठीत, शाईनं, पावसाळ्यात. पावती जपा, ओळखपत्र लागतं, आणि आल्यावर लगेच उचला, नाहीतर तासाच्या हिशोबानं आकार चढतो. मोटारसायकल पाठवणाऱ्यांनी टाकी रिकामी करावी, आरसे काढावेत, आरसीची प्रत घ्यावी आणि गाडी गोणपाटात बांधावी. गॅसची टाकी, भरलेला स्टोव्ह, रॉकेल गाडीत चालत नाही. माझा स्टोव्ह रिकामा होता, हे सांगून ठेवते.

नवी दिल्ली स्टेशनला दोन बाजू आहेत, आणि चुकीच्या बाजूला उतरलात तर तो पूल दोनदा चढाल. एक नंबरच्या फलाटाकडची बाजू पहाडगंजची. राजेंद्रनगर, करोलबागला रिक्षानं जायचं तर इकडून. सोळा नंबरकडची अजमेरी गेटची, मेट्रो तिकडं. मुखर्जीनगरला जाणाऱ्यांनी तिथून पिवळ्या लाइननं जीटीबी नगर गाठावं. मेट्रोत एका माणसाला 25 किलोच नेता येतं आणि बॅग तपासणीच्या यंत्रातून जावी लागते. ज्वारीचं पोतं घेऊन मेट्रोच्या नादी लागू नका, रिक्षाच करा. हमाल लाल शर्टातला, दंडावर बिल्ला असलेला बघा. पैसे आधी ठरवा, नग मोजून दाखवा, आणि त्याच्या मागं नाही, बरोबर चाला.

पहाडगंजात आपली मराठी वस्ती जुनी आहे. नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. खोली ठरलेली नसेल तर पहिल्या एक-दोन रात्रींसाठी भवनात आधीच विचारून ठेवा. आयत्या वेळी जागा असेलच असं नाही. खोली ठरवताना मजला विचारा. चौथ्या मजल्यावरची स्वस्त खोली बघून पोरं खूश होतात, लिफ्ट नसते आणि चाळीस किलोचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.

आणि ते चुंगडं टाकून देऊ नका. झटकून, घडी करून गादीखाली ठेवा. दिवाळीला गावी निघाल की करोलबागेतली एक रजई त्यात बरोबर मावते, आईसाठी.