‘कवडी’चा अर्थ कसा लावावा

वाक्यात ‘कवडी’ दिसली की आधी शेजारचा शब्द पाहावा. ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ असेल तर ते चलन, तेही सर्वांत खालचे. ‘कवडीचुंबक’ म्हणजे चिक्कू माणूस. ‘कवड्यांची माळ’ आली तर खरा शिंपला: पाठ गुळगुळीत, पोटाला दातेरी फट.

‘कवडीमोल’चा अर्थ ‘फुकट’ असा लावतात, तिथेच चूक होते. कवडीला ठरलेली किंमत होती. भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात नाण्यांचे कोष्टक आहे: 20 वराटक म्हणजे कवड्यांची एक काकिणी, 4 काकिणींचा एक ‘पण’ आणि 16 पणांचा एक द्रम्म. गुणाकार केला की एका द्रम्माला 1280 कवड्या! म्हणून ‘नगण्य भाव’ हाच अर्थ नेमका.

मूळ शोधताना कोशात ‘कपर्द’ आणि ‘कपर्दिका’ पाहावे. प्राकृतात ‘प’चा ‘व’ आणि ‘र्द’चा ‘ड्ड’ होऊन ‘कवड्ड’ झाले, त्यातून आपली कवडी. ‘कपर्द’ म्हणजे शिंपल्यासारखी वळवून बांधलेली जटाही. शंकराचे ‘कपर्दी’ हे नाव त्यावरून. संस्कृत मजकुरात हे दोन अर्थ हमखास गोंधळात टाकतात. देवतेचे वर्णन असेल तर जटा, हिशेब असेल तर शिंपला धरावा.