‘कॉट’ म्हणजे नेमकं काय? या चुका टाळा

लातूरच्या ट्यूशन एरियात दर चार घरांआड पाटी दिसते, ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’. घरमालकीण सांगते, “लेकरा, कॉट हाय, गादी तुझी तू आण.” म्हणजे एक लोखंडी पलंग, कपाटाचा एक कप्पा आणि खोलीत आणखी तिघं. हा अर्थ आपल्याकडचा. तो घेऊन इंग्लंडला गेलात तर फजिती.

माझ्या एका विद्यार्थ्यानं तिकडच्या हॉटेलला कळवलं, ‘दोघं येतोय, एक जादा कॉट ठेवा.’ पोचल्यावर बघतात तर चारी बाजूंनी कठडे लावलेला तान्ह्या बाळाचा पलंग! ब्रिटिश माणसाला कॉट म्हटलं की तोच आठवतो. अमेरिकेत बाळाचा पलंग म्हणजे ‘क्रिब’, आणि कॉट म्हणजे घडीचा, कॅम्पातला. तेव्हा मोठ्या माणसासाठी सरळ ‘सिंगल बेड’ मागा.

आजी ‘खाट’ म्हणाली की हसणारी शिकलेली पोरंही चुकतात. कॉट हे खाटेचंच लेकरू. संस्कृतातली खट्वा, तिची झाली खाट, आणि 17व्या शतकात हिंदुस्तानात आलेल्या इंग्रजांनी ती उचलली. पुढं जहाजावरच्या टांगत्या कापडी बिछान्यालाही तेच नाव लागलं. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ म्हणणारा गडी कॉटवरच लोळत होता म्हणा ना! (आमच्या घरी मात्र बाज. सुंभानं विणलेली, दर दोन महिन्यांनी ताणायची.)

सगळ्यात पक्की गफलत दवाखान्याची. तालुक्याला 30 खाटांचं सरकारी रुग्णालय, जुनी माणसं त्याला ‘कॉटेज’ म्हणतात; मग कॉटा असतात म्हणून कॉटेज, असं उत्तर मला वर्गात हमखास मिळतं. काही संबंध नाही. कॉटेजमधला ‘कॉट’ जुन्या इंग्रजीतला, अर्थ झोपडी. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या क्रॅनली गावी 1859 साली एका साध्या घरात छोटं हॉस्पिटल निघालं. तसल्या हॉस्पिटलांना ‘कॉटेज हॉस्पिटल’ म्हणू लागले, आणि ते नाव आपल्या तालुक्यापर्यंत आलं.

गणितातला कॉट म्हणजे कोटँजंट, त्याचा पलंगाशी संबंध नाही. आणि स्पेलिंगमध्ये ‘ओ’पुढं ‘ए’ घुसवू नका, अंगातला कोट होतो. ‘कोट बेसिस’ अशी इंग्रजी पाटी मी स्वतः वाचली आहे. डिसेंबर होता, म्हणून कुणी हरकत घेतली नसावी.