डिजिटल दाखला घेताना प्रिंट बाजूला ठेवा, सही तपासा

जून-जुलै आला की नागपुरात वसतिगृहं, क्लासेस, महाविद्यालयं आणि मिहान-हिंगण्याच्या कंपन्यांत कागदपत्रांचा पूर येतो. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, शिवाय छिंदवाडा-बालाघाटकडूनही मुलं येतात. बहुतेक ठिकाणी पद्धत एकच असते: व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवायचा, प्रिंट काढायची, ‘ओरिजिनल पाहिले’ असा शिक्का मारायचा. या पद्धतीत खरा आणि बनावट दाखला हुबेहूब सारखा दिसतो. डिजिटल दाखल्याचा खरेपणा असतो तो फाईलमधल्या डिजिटल सहीत. कागदावर उमटलेली अक्षरं कुणालाही बनवता येतात. म्हणून फाईल जशी सरकारी यंत्रणेतून निघाली तशीच तुमच्यापर्यंत पोचली पाहिजे, आणि तिच्यावरची सही तुम्ही स्वतः तपासली पाहिजे.

डिजिलॉकरमधून काय चालतं, काय नाही

डिजिलॉकर उघडलं की दोन कप्पे दिसतात. ‘इश्यूड’ कप्प्यातले दस्तऐवज बोर्ड, परिवहन खातं, विद्यापीठ अशा मूळ खात्याच्या नोंदींतून थेट आलेले असतात. २०१६च्या डिजिटल लॉकर नियमांत २०१७ साली नियम ९अ घातला गेला आणि या दस्तऐवजांना मूळ कागदाइतकीच मान्यता मिळाली. ‘ड्राइव्ह’ (पूर्वीचा ‘अपलोडेड’) कप्प्यात मात्र माणसाने स्वतः स्कॅन करून टाकलेलं काहीही असू शकतं. त्याची किंमत झेरॉक्सएवढीच. समोरचा ‘डिजिलॉकरमध्ये आहे’ म्हणाला, तर कोणत्या कप्प्यात, हे आधी विचारा.

उमेदवाराला दस्तऐवज सापडत नाही, तेव्हा बऱ्याचदा शोध चुकीच्या नावाने चाललेला असतो. दहावी-बारावीची गुणपत्रिका ‘नागपूर बोर्ड’ या नावाने मिळत नाही. नागपूर हे विभागीय मंडळ आहे, दस्तऐवज देणारं महाराष्ट्र राज्य मंडळ. बैठक क्रमांक अक्षरासकट आणि परीक्षेचं वर्ष बरोबर टाका. पदवीचा घोळ यापेक्षा मोठा. गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ २०११ साली झालं. त्याआधी चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांतून पदवी घेतलेल्यांचं विद्यापीठ राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, आणि २००५च्या आधीच्या कागदावर नुसतं ‘नागपूर विद्यापीठ’. पदवीच्या वर्षावरून विद्यापीठ ठरवा, महाविद्यालयाच्या गावावरून नको. जुन्या वर्षांच्या सगळ्याच पदव्या डिजिलॉकरवर चढलेल्या नाहीत. तिथे कागदी मूळ प्रत पाहून विद्यापीठाकडून पडताळणी करून घ्यावी लागते.

लायसन्सचा क्रमांक टाकताना नागपूरकर हमखास गोंधळतात. शहर एमएच-३१, ग्रामीण एमएच-४०, पूर्व नागपूर एमएच-४९. पुढे वर्षाचे चार आकडे आणि मग सात आकडे, रिकामी जागा न ठेवता एकूण १५ अक्षरं. जुन्या पुस्तकी लायसन्सचा क्रमांक या साच्यात बसत नसेल, तर आरटीओत नोंद अद्ययावत केल्याशिवाय ते डिजिलॉकरमध्ये येणार नाही.

पीडीएफवरची सही कशी तपासायची

आधी फाईल कशी मागवायची ते पाहू. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेली पीडीएफ जशीच्या तशी येते. फोटो किंवा स्क्रीनशॉट पाठवला की सही गेली. आधार, टीसी आणि गुणपत्रिका एकत्र जोडून एकच पीडीएफ केली, फॉर्मच्या २०० केबीच्या मर्यादेत बसवायला ती कॉम्प्रेस केली, किंवा पासवर्ड काढायला ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलं, तरी सही मरते. इंटरनेट कॅफेवाले हे रोज करतात आणि त्यांचा हेतू वाईट नसतो. त्यामुळे सही नसलेली फाईल आली म्हणून उमेदवाराला खोटं ठरवू नका, मूळ फाईल मागा. तुमचाच फॉर्म २०० केबीच्या वर फाईल घेत नसेल, तर आधी तो दुरुस्त करा. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. तो टाकून फाईल उघडा, पासवर्ड काढायच्या भानगडीत पडू नका.

मोबाईलवरचे बरेच पीडीएफ व्ह्यूअर सही तपासतच नाहीत, नुसतं चित्र दाखवतात. संगणकावर अ‍ॅक्रोबॅट रीडर वापरा. तिथेही पहिल्यांदा पिवळं प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ दिसेल. याचा अर्थ सही खोटी आहे असा नाही. भारताचं मूळ प्रमाणपत्र (रूट सर्टिफिकेट, ज्यावर बाकी सगळ्या डिजिटल सह्यांचा खरेपणा टिकतो) तुमच्या संगणकाला ठाऊक नाही, एवढंच.

इथे एक चुकीचा सल्ला सगळीकडे फिरतो: सहीवर राइट क्लिक करा, सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र उघडा, ‘अ‍ॅड टू ट्रस्टेड’ दाबा, हिरवी खूण येईल. येईलच. पण ती बनावट सहीवरही येईल, कारण तुम्ही त्या सही करणाऱ्यालाच खरा मानून मोकळे झालात. योग्य रीत अशी:

१. सीसीए, म्हणजे कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज, या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावरून ‘सीसीए इंडिया’ची मूळ प्रमाणपत्रं उतरवा. २०१४ आणि २०२२ अशी दोन्ही घ्या, जुन्या दाखल्यांना जुनं लागतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली देशातल्या सगळ्या मान्य डिजिटल सह्यांची साखळी या मुळाशी येऊन थांबते.

२. उतरवलेल्या प्रमाणपत्राचा थंबप्रिंट, म्हणजे त्याचा लांबलचक सांकेतिक ठसा, संकेतस्थळावरच्या ठशाशी अक्षर न अक्षर जुळवा. ‘सीसीए इंडिया’ नावाचं प्रमाणपत्र घरी बसून कुणीही बनवू शकतो. नाव सारखं करता येतं, ठसा करता येत नाही.

३. अ‍ॅक्रोबॅटच्या ‘ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’मध्ये हेच प्रमाणपत्र टाका. हे काम प्रत्येक संगणकावर एकदाच.

४. आता दाखला उघडून सही पुन्हा तपासा. हिरवी खूण आली तरी ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’ उघडून सही कुणाची आहे ते वाचा. तहसीलदाराच्या दाखल्यावर एखाद्या खाजगी इसमाची खरीखुरी डिजिटल सही असेल, तर साखळी बरोबर निघेल, दाखला मात्र बोगस. सहीनंतर फाईल बदलली आहे का, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

अधिकाऱ्यांची सही-प्रमाणपत्रं साधारण १ ते ३ वर्षांची असतात, त्यामुळे जुन्या दाखल्यावर ‘एक्स्पायर्ड’ दिसू शकतं. सही केली त्या तारखेला प्रमाणपत्र चालू होतं का, ते पाहा. चालू असेल तर केवळ त्या शेऱ्यावरून दाखला नाकारू नका.

उत्पन्न, जात, अधिवास असे ‘आपले सरकार’ या महाराष्ट्राच्या पोर्टलवरून निघालेले दाखले त्या पोर्टलवरही पडताळता येतात. दाखल्यावर छापलेला क्रमांक तिथे टाकायचा आणि समोर आलेलं नाव हातातल्या दाखल्याशी जुळवायचं. दाखल्यावरच्या क्यूआरने एखादं संकेतस्थळ उघडलं, तर संकेतस्थळाच्या नावाचा, म्हणजे पत्त्यातल्या पहिल्या एकेरी तिरक्या रेघेआधीच्या भागाचा, शेवट ‘गव्ह डॉट इन’ आहे का ते आधी बघा. बनावट दाखल्याचा क्यूआर बनावट पानावर नेतो आणि तिथे ‘व्हेरिफाइड’ लिहिलेलं असतं. छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचे दाखले मध्य प्रदेशच्या पोर्टलवर तपासायचे. महाराष्ट्राच्या पोर्टलवर सापडले नाहीत म्हणून ते खोटे ठरत नाहीत.

आधार: कमीत कमी मागा

आधार कार्डावरच्या क्यूआरमध्ये नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता आणि छोटा फोटो असतो, त्यावर आधार देणाऱ्या प्राधिकरणाची (यूआयडीएआय) डिजिटल सही असते. पूर्ण आधार क्रमांक त्यात नसतो, शेवटचे चार आकडे असतात. साध्या स्कॅनरने स्कॅन केलं तर आकड्यांची लांबच लांब रांग दिसते. प्राधिकरणाच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करा. मग स्क्रीनवरचा फोटो समोरच्या माणसाशी आणि स्क्रीनवरचं नाव कार्डावरच्या छापील नावाशी जुळवा. खऱ्या क्यूआरशेजारी दुसराच फोटो छापणं ही सर्वांत सोपी लबाडी आहे.

वसतिगृहाला किंवा क्लासला बाराही आकडे साठवायचं कारण नाही. पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार पुरतं. वयाचा पुरावा म्हणून आधार घेऊ नका, दहावीचं प्रमाणपत्र किंवा जन्मदाखला मागा. ओटीपी कधीही विचारायचा नाही. तो उमेदवाराने स्वतःच्या फोनवर स्वतः टाकायचा. गावाकडच्या मुलांचं आधार पुष्कळदा वडिलांच्या नंबरला जोडलेलं असतं. फोनवरून ओटीपी विचारून घेण्यापेक्षा आधार केंद्रात जाऊन मुलाचा स्वतःचा नंबर जोडणं बरं. त्याला कुठलाही कागद लागत नाही.

थेट जोडणी करणाऱ्या संस्थांसाठी

वर्षाला शेकडो उमेदवार घेणाऱ्या संस्थेने डिजिलॉकरकडे भागीदार म्हणून नोंदणी करावी. मंजुरीनंतर क्लायंट आयडी आणि गुप्त किल्ली मिळते. उमेदवार डिजिलॉकरच्या पानावर जातो, कोणते दस्तऐवज द्यायचे त्यावर खूण करून संमती देतो, आणि फाईल थेट तुमच्या सर्व्हरवर येते. मधला कॅफे, व्हॉट्सअ‍ॅप, कॉम्प्रेस करणं सगळं टळतं.

जोडणी अडते ती ठरलेल्या जागी. नोंदवलेला परतीचा पत्ता (संमतीनंतर उमेदवाराला जिथे परत पाठवायचं तो तुमचा वेब-पत्ता) आणि कोडमधला पत्ता एका तिरक्या रेघेने जरी वेगळा असला तरी विनंती नाकारली जाते. गुप्त किल्ली मोबाईल अ‍ॅपमध्ये ठेवली तर ती कुणीही काढून घेऊ शकतो, ती सर्व्हरवरच असावी. फाईलबरोबर हेडरमध्ये (सोबतच्या माहितीत) एचमॅक येतो, म्हणजे फाईल आणि गुप्त किल्ली मिळून काढलेला सांकेतिक ठसा. तुमची किल्ली आणि एसएचए-२५६ ही ठसा काढायची रीत वापरून फाईलचा एचमॅक स्वतः काढा आणि दोन्ही जुळतात का पाहा. ही पायरी न करता जोडणी चालते, म्हणूनच ती गाळली जाते. पीडीएफबरोबर एक्सएमएलही (यंत्राला वाचता येणारी फाईल) मिळत असेल तर ते घ्या, नाव-गुण हाताने टाइप करायची गरज उरत नाही.

नाव जुळणं मात्र यंत्रावर सोडू नका. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा स्वतःचं नाव आधी. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे आद्याक्षर. नावाचे तुकडे क्रम न पाहता जुळवा, जन्मतारीख सोबत तपासा, आणि तरी शंका राहिली तर माणसाने निर्णय घ्यावा. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र मागा.

नोंद ठेवायची ती इतकीच: कोणता दस्तऐवज, देणारं खातं, दस्तऐवजाचा क्रमांक, तपासल्याची तारीख, कुणी तपासला, निकाल काय. आधारच्या बाबतीत फक्त शेवटचे चार आकडे. प्रवेश न घेतलेल्यांच्या फाईली काम संपताच पुसा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधल्या आणि टेबलावरच्या पेन ड्राइव्हमधल्याही.